विहीणबाईंचा जांभळा दिवा

कझाकस्तानातल्या कारागंदाच्या नव्या वस्तीत अस्खतने घर घेतलं, तेव्हा दलालाने त्याला सगळं दाखवलं, फक्त सूर्य कुठे आहे ते दाखवलं नाही. सूर्य रोज सकाळी समोरच्या इमारतीवर येऊन बसायचा, दुपारभर तिथेच लोळायचा आणि संध्याकाळी परस्पर तिकडूनच निघून जायचा. अस्खतला त्याचं काही वाटलं नाही, कारण तो दिवसभर कामावर असायचा. त्याच्या आईला, नागिमाला, मात्र पहिल्याच दिवशी कळलं की आपण फसलो.

तिने स्वतःचं जुनं घर विकून मुलाच्या घरात भर घातली होती. त्या जुन्या घराच्या खिडक्या दक्षिणेकडे होत्या. त्या खिडक्यांत ती दर मार्चमध्ये टोमॅटोची रोपं वाढवायची आणि थंडी सरली की खोक्यांत भरून शहराबाहेरच्या दाचावर न्यायची. दाचा म्हणजे तरी काय, तर पत्र्याच्या छपराची एक खोली, कुरकुरणारा हातपंप आणि सहा गुंठे जमीन. पण नवरा गेल्यापासून नागिमा खरी जगायची ती त्या सहा गुंठ्यांत. उरलेलं वर्ष ती नुसतं ढकलायची.

फेब्रुवारीत एका रविवारी चहा पिता पिता अस्खतने आईपाशी विषय काढला. आईला तो अपा म्हणायचा, तिकडे कुठल्याही मोठ्या बाईला अपाच म्हणतात.

"अपा, या घरात ऊन नाही. ऊन नाही म्हणजे रोपं नाहीत. रोपं नाहीत तर दाचा ठेवून करायचं काय? विकून टाकू. बाळ येतंय, मोठी गाडी घेऊ."

"शाळेत तुला साधी वजाबाकी यायची नाही," नागिमा म्हणाली, "आज बरी जमली."

"मग सांग ना, या अंधारात रोपं कशी वाढवणार?"

"दिव्याखाली. सगळं शहर वाढवतंय. तुझे डोळे मोबाइलमध्ये, तुला खिडक्या कुठल्या दिसायला!"

अस्खत हसला. तो हसला की नागिमाच्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण तो थेट त्याच्या बापासारखा हसायचा. शेवटी पैज लागली. मे महिन्याच्या सुट्टीत रोपं ताठ उभी असली तर दाचा राहील, माना टाकून पडलेली असली तर दाचा विकायची. पण ताठ कशाला म्हणायचं आणि पडलेली कशाला, यावरही मायलेकरांत जुंपली असती. म्हणून सून तोगजान पोटावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाली, "भांडू नका. निवाडा माझी आई करेल. तेव्हा ती येणारच आहे."

नागिमाच्या हातातला तळलेला बाउरसाक चहात पडला. विहीणबाई! म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पण विहिणीला नको म्हणणं हे कझाक घरात आजवर कोणी केलेलं नाही, आणि केलं असेल तर ती माणसं सांगायला उरलेली नाहीत. अस्खत तर खूशच झाला. सासूबाई लेकीच्या गाडीविरुद्ध कशाला बोलतील?

दुसऱ्या दिवशी नागिमा दिवा आणायला बाजारात गेली. तिथल्या पोराने, पोरगा कसला, चांगला टक्कल पडलेला बाप्या होता, तिच्यापुढे चार दिवे मांडले. हा बी रुजवायचा, हा पानं धरायचा, हा फुलांचा आणि हा फळ पिकवायचा.

"म्हणजे इयत्तेप्रमाणे," नागिमा म्हणाली.

"बरोबर, अपा! प्रत्येक इयत्तेला वेगळा मास्तर."

"मी दोन पोरं वाढवली ती एका दिव्याखाली. तोही महिन्यातून चार वेळा जायचा."

"म्हणून तर तुमची पोरं टोमॅटो नाहीत ना," तो म्हणाला.

उत्तर तिला आवडलं, पण दिवा घेतला नाही. माणूस चार वस्तू एकदम विकायला लागला की त्यातल्या तीन खोट्या असतात, असा तिचा पक्का समज होता. या खेपेला तो समज तिला चांगलाच महाग पडणार होता.

बी रुजायला काही अडचण आली नाही. खिडकीखाली घर तापवणारे गरम पाण्याचे नळ होते, त्यांच्यावर फळी टाकून तिने पेले मांडले आणि वर काच ठेवली. त्याच आठवड्यात नातही जन्मली. घरात एकीकडे इंजूचं रडणं आणि दुसरीकडे मातीतून वाकून वर येणारे हिरवे दोरे. नागिमा आळीपाळीने धावायची. तिचं नशीब असं, की दोन्हीकडे ओलं-सुकं पाहायचंच काम.

नौरुझला, मार्चमधल्या नव्या वर्षाच्या सणाला, विहीणबाई आल्या. कुलझिपा त्यांचं नाव. बाल्खाशहून रात्रभराचा प्रवास करून, धुरावलेल्या माशांची पिशवी छातीशी धरून त्या उतरल्या, आणि घरभर माशांचा वास सुटला. जन्मभर त्यांनी रेल्वेत तिकिटं तपासली होती. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी नजर तीच होती. त्यांनी माणसाकडे पाहिलं की माणूस आपोआप खिसे चाचपायचा. त्यांनी नातीला पाहिलं, पाळणा पाहिला, पाळण्यावर रीतीप्रमाणे घातलेली सात पांघरुणं मोजली, आणि मग नळांवरची फळी पाहिली.

"उजेड कुठाय?"

"बघतेय, विहीणबाई. बाजारात..."

"बाजार कशाला? हा घ्या." त्यांनी पिशवीतून दिवा काढला. लांबलचक, उलगडणाऱ्या चार उंच पायांचा, आणि लावल्याबरोबर असा जांभळा की खोलीतली सगळी माणसं वांग्यासारखी दिसायला लागली. अस्खत तर वांग्याचं भरीत दिसत होता. "आणि ऐका. इंजूजवळ तुम्ही चाळीस दिवस रात्रीचा दिवा विझवत नाही ना? ही पण नवजातच आहेत. यांचाही चाळीस दिवस विझवायचा नाही. दिवस नाही, रात्र नाही."

विहिणीने दिलेली वस्तू कोपऱ्यात टाकायची नसते, दिसेल अशी मांडायची असते. नागिमाने दिवा बैठकीच्या खोलीत पाहुण्यांच्या मानाच्या जागी मांडला आणि सगळे पेले त्याच्याखाली नेले. चाळीस दिवसांची गोष्ट तर तिला इतकी पटली की आपल्याला कशी सुचली नाही याचंच तिला वाईट वाटलं. नवजात बाळाजवळ अंधार नको, हे तिच्या आजीच्या आजीलाही ठाऊक होतं. टोमॅटो झाला म्हणून काय झालं, जीव तो जीव.

विहीणबाई बाल्खाशला परतल्या, पण घरातून गेल्या नाहीत. रोज व्हिडिओ कॉल. कधी सकाळी, कधी जेवताना, कधी नागिमा डोक्याला मेंदी लावून बसलेली असताना. आधी म्हणायच्या, "नात दाखवा." मग म्हणायच्या, "दिवा दाखवा." दिवा जळत असलेला पाहिला की समाधानाने मान हलवायच्या आणि फोन ठेवायच्या. खिडकीतला जांभळा उजेड बघून खालच्या मजल्यावरच्या माणसांनी मात्र एकदा लिफ्टमध्ये अस्खतला विचारलं, "तुमच्याकडे रोज पार्टी असते, आणि आम्हाला एकदाही बोलावणं नाही?"

एप्रिल उजाडला आणि रोपांचं काहीतरी बिनसलं. ती उंच होत होती, पण कशी, तर दहावीच्या वर्षी अस्खत झाला होता तशी, नुसती लांब आणि बिनकामाची. देठ दोऱ्यासारखे. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट. नागिमाने पाणी कमी केलं. मग जास्त केलं. वाईट नजर लागली असेल म्हणून धुपाटणंही फिरवलं. जांभळ्या उजेडात पिवळं नीट दिसत नाही, एवढाच काय तो दिलासा. पण दुपारी ती एक पेला स्वयंपाकघरात नेऊन पाहायची, आणि तिथे पिवळं ते पिवळंच दिसायचं. पत्र्याची ती खोली, पंपाचा गारठलेला दांडा, संध्याकाळी ओल्या मातीचा येणारा वास, हे सगळं आता कोणाच्या तरी गाडीच्या चार चाकांत जाणार. रडू यायचं तिला. मग ती कांदा चिरायला घ्यायची, म्हणजे कोणाला उत्तर द्यायला नको.

एका सकाळी दारावर काठी वाजली. शेजारच्या दारातली एम्मा कार्लोव्ना. वय पंच्याहत्तरच्या पुढे, नोकरी जन्मभर कोळसाखाणीने कामगारांसाठी चालवलेल्या काचघरात काकड्या वाढवण्याची, आणि तोंड असं की काकड्यासुद्धा तिला भिऊन सरळ वाढत असाव्यात.

"तुझा तो दिवा माझ्या बाल्कनीत येतो," ती आत शिरत म्हणाली. "तीन आठवडे झाले, मला झोप नाही. काय चाललंय काय इथे?" आणि मग तिची नजर रोपांवर गेली. "अरे देवा! मेलेल्यांना कशाला एवढा उजेड?"

"मेलेली नाहीत," नागिमा दुखावून म्हणाली.

"मग मरायला टेकलीत. रात्री कधी विझवतेस?"

"विझवत नाही. चाळीस दिवस विझवायचा नसतो."

एम्मा कार्लोव्नाने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पाळण्याकडे दाखवली. पाळण्यावर सातही पांघरुणं होती आणि आत इंजू ढाराढूर झोपली होती.

"तिला का गं इतकं झाकलंस?"

"उजेड लागला की झोपत नाही ना ती. पाळण्याबाहेर दिवा चालतो, आत अंधार लागतो."

"आणि हे काय दगड आहेत? टोमॅटोला रात्र लागते, बाई! रात्र नाही दिलीस तर पिवळाच पडणार."

नागिमा पाळण्याकडे पाहत राहिली. आजीच्या आजीने दिव्याबरोबर पांघरुणंही सांगितली होती. आपण दिवा तेवढा उचलला आणि पांघरुणं विसरलो, हे तिच्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आणि हा रंग!" एम्मा कार्लोव्ना थांबायला तयार नव्हती. "हा कळ्या धरल्यावरचा दिवा आहे. दोन पानांच्या पोराला हा म्हणजे तान्ह्या मुलीला लग्नाचा शालू. बी रुजताना उजेड लागत नाही, ऊब लागते. रुजलं की पांढरा, बर्फासारखा गार पांढरा, आणि डोक्यापासून वीतभर वर. तुझा तर छताला टेकलाय! मग पोरं माना लांब करून उजेड शोधणारच. कळ्या आल्या की खुशाल लाव तुझा जांभळा."

"तो बाजारवाला खरं बोलत होता म्हणायचं," नागिमा पुटपुटली.

"बाजारवाले खरं बोलतात, फक्त चौपट बोलतात."

ती घरी गेली आणि पांढऱ्या उजेडाची जुनी नळी घेऊन आली, काचघरातून निवृत्तीच्या दिवशी उचललेली. नागिमाचे डोळे भरून आले आणि ती म्हणायला गेली, "एम्मा कार्लोव्ना, तुमचे उप..."

"गप्प!" म्हातारी ओरडली. "रोपांच्या कामात आभार मानलेस तर उरलीसुरली पण मरतील. एवढंही माहीत नाही?"

माहीत होतं. नागिमाने आभार गिळले आणि तिच्या हातात धुरावलेला मासा ठेवला.

आता प्रश्न विहीणबाईंचा. रोज कॉल येणार, दिवा जळताना दिसला पाहिजे, आणि त्याच्याखाली काहीतरी हिरवंही दिसलं पाहिजे. मग नागिमाने रोपांचे दोन भाग केले. अर्धी बिचारी जांभळ्या उजेडात नोकरीवर राहिली. उरलेली अर्धी तिने देठ पानांपर्यंत मातीत पुरून नव्या पेल्यांत लावली, आपल्या खोलीतलं कपड्यांचं कपाट रिकामं केलं, आतून स्वयंपाकघरातला चंदेरी कागद चिकटवला आणि वरच्या फळीला पांढरी नळी टांगली. हिवाळ्याचे कोट पलंगावर गेले. ती त्यांच्या शेजारी अंग चोरून झोपायला लागली. सकाळी उठून दिवा लावायचा, संध्याकाळी जेवणानंतर विझवून कपाटाचं दार लावायचं, पाळण्यावर पांघरूण घातल्यासारखं.

"अपा, तुझं कपाट गुणगुणतंय," अस्खत एकदा म्हणाला.

"म्हातारपणी सोबत लागते," ती म्हणाली, आणि अस्खत घाईने तिथून गेला.

तोगजानला मात्र एका दुपारी कपाट उघडं सापडलं. ती इंजूला खांद्यावर टाकून दारात उभी राहिली. आतली रोपं बुटकी होती, देठ जाडजूड, बुंध्याशी जांभळट, पानं गडद आणि केसाळ. तोगजानने बराच वेळ पाहिलं, मग कपाटाचं दार हळूच लोटलं आणि म्हणाली, "मी काही पाहिलं नाही. पण मिरचीचं एक पण लावा ना, अपा." त्या दिवसापासून नागिमाला सून आवडायला लागली. तोवर ती नुसती चांगली वाटायची.

मे महिन्याची सुट्टी आली आणि विहीणबाईही आल्या, नव्या माशांसकट. त्या उतरायच्या आधीच नागिमाने अदलाबदल केली होती. पिवळी फौज एम्मा कार्लोव्नाच्या बाल्कनीत हद्दपार झाली होती आणि कपाटातली गुटगुटीत रोपं जांभळ्या दिव्याखाली मानाने बसली होती. लबाडी होती, ती लबाडीच. पण विहिणीला तोंडावर 'तुमच्या दिव्याने माझी रोपं मारली' असं सांगायचं, आणि वर तिच्याकडूनच निवाडा मागायचा? इतकी नागिमा खुळी नव्हती. श्रेय दिव्याला जाऊ दे, दाचा आपल्याला राहू दे.

कुलझिपांनी चहाही घेतला नाही. सरळ दिव्यापाशी गेल्या. अस्खत मागे उभा होता, तोंडावर गाडी घेतल्याचा आनंद. त्यांनी एका रोपाचा देठ दोन बोटांत धरला, तिकिटाची कड तपासावी तसा. मग दुसऱ्याचा. मग एक पान चुरगाळलं आणि बोटं नाकाशी नेली, आणि तशाच उभ्या राहिल्या. टोमॅटोच्या पानांचा तो कडवट वास नागिमापर्यंत आला.

"चाळीस दिवस विझवला नाहीत?"

"तुमच्या शब्दाबाहेर कशी जाईन, विहीणबाई? सगळी तुमच्या दिव्याची कृपा."

"हं." कुलझिपा जावयाकडे वळल्या. "अस्खतजान, माझी एक पिशवी खाली टॅक्सीवाल्याकडे राहिली वाटतं. बघ जरा. तोगजान, तू पण जा, तुला ओळखता येईल."

दार बंद झालं. कुलझिपांनी हात मागे घेतला नाही. बोटं अजून पानावरच होती.

"नागिमा, तू खोटं बोलतेस, आणि ते पण वाईट बोलतेस. विनातिकीट पोरं तुझ्यापेक्षा बरं बोलायची."

विहीणबाई आजवर तिला कधी 'तू' म्हणाल्या नव्हत्या.

"या दिव्याखाली अशी रोपं होत नाहीत. माझी सगळी याच्याखाली पिवळी पडून मेली. दोन वर्षांपूर्वी. मी पण विझवला नव्हता."

"मग... मला का दिलात?" नागिमाचा आवाज चढला. "ठाऊक असून? चाळीस दिवस म्हणून बजावलंत वर!"

"ठाऊक असूनच दिला." कुलझिपा खाली बसल्या, पेल्यांशेजारी, थेट जमिनीवर. "माझी रोपं मेली त्या साली माझ्या मुलाने दाचा विकली. म्हणाला, अपा, आता तुला जमत नाही, पुरावा समोर आहे. विकली. मी आयुष्यभर लोकांना गाडीतून उतरवलंय, आणि मला उतरवलं तेव्हा मुकाट उतरले. मग तोगजानने फोनवर तुमची पैज सांगितली. वाटलं, हिची तरी का राहावी? माझी गेली तशी हिची पण जाऊ दे. मग दोघी मिळून खिडकीत बसू आणि मुलांना शिव्या देऊ."

नागिमाला त्या क्षणी तो चार पायांचा दिवा उचलून विहिणीच्या डोक्यात घालावासा वाटला. मानपान, रीतभात, सगळं तिच्या बोटांच्या टोकांशी संपत आलं होतं. पण समोर बसलेली बाई चुरगाळलेलं पान नाकाशी धरून वास घेत होती, आणि तिचे डोळे असे पाझरत होते की त्या जांभळ्या उजेडातही ते लपत नव्हते.

"इथे येताना काय ठरवून आला होतात?" नागिमाने विचारलं.

"पडली म्हणायचं ठरवलं होतं. कशीही असली तरी." कुलझिपांनी नाक पुसलं. "हात लावला, आणि जीभ उचलेना."

लिफ्टचा आवाज आला. अस्खत आणि तोगजान रिकाम्या हातांनी परतले. खाली टॅक्सीही नव्हती आणि पिशवीही नव्हती.

कुलझिपा तोवर उभ्या राहिल्या होत्या. पदर सारखा करावा तसा त्यांनी डोक्याचा रुमाल सारखा केला.

"ऐक, अस्खतजान. असे देठ मी बाल्खाशला पण पाहिले नाहीत. दाचा राहील."

"पण अपा, गाडी..."

"गाडीचं काय? बस आहे, ट्रेन आहे. मी तिकीट तपासलेल्या एकाही माणसाकडे गाडी नव्हती, सगळे पोचले." त्यांनी जावयाकडे अशी नजर टाकली की त्याचा हात नकळत खिशाकडे गेला. "पुढच्या शनिवारी तू जमीन खणायला जायचं. मी पण येतेय. खोल खणतोस की नाही ते मला पाहायचंय."

जावयाने सासूला नाही म्हणायचं नसतं. अस्खतने खिशातून हात काढला. मग तो म्हणाला, "जी."

तोगजान पाळण्यावर वाकली, हसू दिसू नये म्हणून.

नागिमा चहा करायला स्वयंपाकघरात गेली. दाचा राहिली होती. दूध उतू जाता जाता राहिलं, आणि तिला मोठ्याने गावंसं वाटत होतं. तेवढ्यात कुलझिपा दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. नजर खाली होती.

"नागिमा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "दाचावरच्या त्या खोलीत खाटा किती आहेत?"

नागिमाने वळून पाहिलं. ही बाई आली की पेरणीपासून तोडणीपर्यंत प्रत्येक वाफा तपासणार, प्रत्येक टोमॅटोला तिकीट विचारणार, सगळा उन्हाळा मासे खायला घालणार. सहा गुंठ्यांतली शांतता संपली. आणि खाट तर तिथे एकच होती.

"दोन," नागिमा म्हणाली.